सही जुळणारा वडा

बँकेत चेक पास करताना सही सुंदर आहे की नाही हे आम्ही पाहत नाही. जुळते की नाही, एवढंच पाहतो. अक्षर मोत्यासारखं असलं, तरी नमुन्याशी जुळलं नाही की चेक परत!

हेच तत्त्व अमेरिकेत काही गृहस्थांनी चक्क खाण्याला लावलं. १९४८ साली मॅकडोनल्ड बंधूंनी आपल्या हॉटेलातले बरेचसे पदार्थ छाटले आणि स्वयंपाकघराचा कारखाना केला. १९५५ मध्ये रे क्रॉक यांनी त्याच नावाने दुकान काढलं. एका पौंडात मांसाच्या बरोबर दहा चकत्या! १९६१ मध्ये तर ‘हॅम्बर्गर विद्यापीठ’ उघडून पदव्या वाटायला सुरुवात झाली. आम्ही मात्र उगाच डबल एन्ट्री घोकत बसलो.

त्यांना एक मर्म कळलं होतं. परगावी उतरलेल्या माणसाला फार उत्तम खायचं नसतं, फसायचं नसतं.

आपल्याकडे वडापावचे मूळपुरुष म्हणून दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्यांचं नाव घेतात, साल १९६६. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक कामगारांनीही वडापावच्या गाड्या टाकल्या. जितके हात, तितक्या चवी. पुढे २००१ मध्ये मालाडला जम्बोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणला गोली निघालं. गोलीने तर वडे यंत्रावर करून, गोठवून दुकानांत पाठवले. बरोबरच आहे, शंभर दुकानांत शंभर आचारी म्हणजे शंभर सह्या!

आता आमचं न्हावरे घ्या. इथल्या एका गाडीवर मालक असले तर वडा झणझणीत, मेहुणे असले तर नुसता बटाटा. गावकरी लांबूनच विचारतात, “आज कढईवर कोण हाय?” मग ठरवतात, खायचं की चहावर भागवायचं. पण शिरूरहून चौफुल्याकडे निघालेल्या वाटसरूला मेहुणे कुठून ठाऊक असणार? तो बिचारा पैसे देऊन नशीब आजमावतो, आणि पुन्हा थांबत नाही.

म्हणून एकदा मालकांना म्हटलं, “मालक, एक वजनकाटा घ्या. मीठ-मिरची मोजून टाका. मग कढईवर कोणीही बसो, वडा तोच.”

मालकांनी झारा थांबवला. म्हणाले, “घेतो की, साहेब. पण मग मी हाय का न्हाई, हे कोण इचारील?”

आमच्या लेजरात या रकमेला खातं नाही.