वाट कोणासाठी? सातपुड्यातल्या पायवाटा आणि जंगलातल्या सायकलवाटा

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सायकलवर काय बोलणार? मी सायकलवर थोडं आणि वाटेवर जास्त बोलणार आहे.

मराठीत वाट ‘पडते’. हजारो पावलं एकाच जागेवरून गेली, की ती आपोआप पडते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांच्या वाटा अशाच पडलेल्या. पाण्याकडे, मोहाकडे, बाजाराकडे जाणाऱ्या. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण डोंगर हाती येईना, कारण वाटा ठाऊक होत्या त्या भिल्लांना. म्हणून 1825 मध्ये बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. तिचं ठाणं धरणगावला होतं. चाळीसगावच्या वरच्या घाटाला त्याचं नाव आजही आहे. म्हणजे काय, तर वाट ही नुसती जमीन नसते, ते कोणाचं तरी ज्ञान असतं.

पुढे 1878 चा वन कायदा आला, राखीव वनं झाली आणि जंगलात ‘बांधलेल्या’ वाटा आल्या. लाकूड काढायला रस्ते, वणवा थोपवायला जाळरेषा. आणि पडलेल्या वाटांचं काय? 1927 च्या वन कायद्याचं कलम 25 जरूर वाचा. राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीने वनाधिकाऱ्याला राखीव वनातली कोणतीही वाट बंद करता येते. पुरेशी सोयीची दुसरी वाट असली किंवा करून दिली, की झालं. आता सोयीची कोणाला, हे ठरवणार कोण? प्रश्न तिथेच आहे.

आता जरा लांब जाऊ या. कॅलिफोर्नियातल्या मरीन भागातही वणव्यासाठी केलेले कच्चे रस्ते होते. 1970 च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन त्यांवरून सुसाट उतरू लागले. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. उतरताना ब्रेक इतके तापत, की चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. म्हणून हे नाव. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास या कामासाठी सायकल बनवली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. पण त्याच मरीनमध्ये चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांची भांडणं जुंपली आणि अरुंद पायवाटांवर सायकलला मनाई झाली.

या भांडणावर एक तोड निघाली, ती म्हणजे सायकलला स्वतंत्र वाट बांधून द्या. पहिल्या महायुद्धातल्या लाकूडटंचाईनंतर, 1919 मध्ये, ब्रिटनने वन आयोग नेमून लाकडासाठी जंगलं लावली होती. त्यांपैकीच वेल्समधल्या कोइड-अ-ब्रेनिन या जंगलात 1990 च्या दशकात अशा वाटा झाल्या. त्या बांधण्याचं शास्त्र मुख्यतः पाण्याचं आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि वाट दरीच्या बाजूला किंचित कलती हवी. मग पाणी वाटेवरून धावत नाही, आडवं निघून जातं. पांझरेवर फड पद्धतीने पाणी फिरवणाऱ्या धुळ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

बरं, ही वाट जाते कुठे? कुठेच नाही. निघाली तिथेच परत येते. आजवर वाट साधन होती, इथे ती स्वतःच साध्य झाली. हे आपल्याला फार परकं वाटायला नको. नर्मदेची परिक्रमा करणारा तरी शेवटी कुठे पोहोचतो? निघाला तिथेच. फरक एवढाच, की परिक्रमावासी गावोगावच्या लोकांच्या आधाराने चालतो. त्याला गाव टाळून जाता येत नाही.

उद्या पालच्या जंगलात किंवा लळिंगच्या डोंगरात अशी वाट काढायची कल्पना पुढे आली, तर मला आनंदच होईल. पोरांनी डोंगर पाहावा, दम लागू द्यावा. पण यावल अभयारण्य 1969 पासून अभयारण्य आहे आणि त्याच्या कुशीत माणसं त्याच्याही आधीपासून आहेत. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे 1100 एकर जंगल स्वतः नियम करून राखलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाची व्यवस्था पाहण्याचा हक्कही दिला आहे. तेव्हा नकाशावर रेघ ओढण्याआधी त्या ग्रामसभेत जाऊन बसावं. कुठून पाणी वाहतं, कुठे जनावर पिलांसह असतं, मोह कधी वेचतात, हे तिथेच कळेल.

एकाच्या मौजेची वाट बांधताना दुसऱ्याच्या पोटाची वाट बंद होत नाही ना, एवढं आधी विचारावं. औट्रमने वाटा जाणणाऱ्यांना चाकरीत घेतलं. आपण निदान त्यांना विचारून निर्णय घेऊ या.