तळटीप : इलिनॉयच्या सिनेटमधील बराक ओबामा

येथे 'सिनेटर' म्हणजे वॉशिंग्टनच्या काँग्रेसचा नव्हे, तर घटकराज्याच्या विधिमंडळातील वरिष्ठ सभागृहाचा, मतदारांनी थेट निवडलेला सदस्य; ओबामा १९९७ ते २००४ या काळात दक्षिण शिकागोतून इलिनॉयच्या या सभागृहात होते. पहिली सहा वर्षे विरोधी बाकांवर गेली. २००३मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला बहुमत मिळाल्यावर मात्र त्यांनी प्रस्तावक म्हणून, म्हणजे विधेयक मांडून त्याच्या मंजुरीची जबाबदारी घेऊन, आपले सर्वांत मोलाचे काम केले. खुनाच्या संशयिताची कोठडीतील चौकशी, केवळ अखेरचा कबुलीजबाब नव्हे तर संपूर्ण प्रश्नोत्तरे, ध्वनिमुद्रित किंवा चित्रमुद्रित करणे त्या विधेयकाने बंधनकारक केले. जिथे मारहाणीने वदवलेल्या कबुलीवरून निरपराधांना देहान्ताची शिक्षा झाली होती, तिथे पोलिसांचा विरोध मावळून सिनेटने ते ५८ विरुद्ध ० मतांनी संमत करावे, ही विलक्षणच गोष्ट होय.