वृद्धाश्रमांतील उपशामक शुश्रूषा

असाध्य व्याधीने किंवा उतारवयातील क्षीणतेने ग्रासलेल्या आश्रमवासीयांच्या वेदना, श्वासकष्ट, शय्याव्रण व मनाची उद्विग्नता यांचा परिहार करणारी सेवा. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापिलेल्या सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषालयाने तिला शास्त्रीय अधिष्ठान दिले. भारतात वांद्र्याचे शांती आवेदना सदन (१९८६) हे तिचे आद्य स्थान. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमात जिल्ह्यागणिक निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमांची तजवीज आहे, आणि अमली पदार्थविषयक कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनच्या परवान्यांचा जाचही सैल झाला. तथापि उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी जर्जर वृद्धाला दर वेदनेसरशी नागपूरला हलविणे ही दुसरी यातनाच होय, म्हणून औषध व परिचारिका यांनीच खाटेपाशी जावे, हे इष्ट.

स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध दुखणे सांगू शकत नाही; कपाळावरील आठ्या, कण्हणे, अन्न नाकारणे यांवरूनच ते ओळखावे लागते, आणि ही पारख वैद्यापेक्षा रोज अंग पुसणाऱ्या सेविकेस अधिक असते, यास्तव तिचे शिक्षण हाच या सेवेचा खरा पाया. शय्याव्रण टळावे म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलावी; मॉर्फीनने मलावरोध होतो, सबब त्यासोबत रेचक प्रारंभापासूनच द्यावे.