कानातला रातकिडा : पॅरिस, १९५७

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाच्या मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट चालू केलं. ऑपरेशनला तीन आठवडे होऊन गेले होते. घरच्यांना वाटत होतं, सर्जननं काम केलंय, आता फक्त बटण दाबायचं. पण ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रोसेसर लॅपटॉपला जोडला आणि एकेक इलेक्ट्रोड घेऊन बसल्या. किती करंटला पोरगी नुसती थबकते, कितीला दचकते. चांगला तासभर. मी कोडवाला माणूस, मला राहवेना. घरी येऊन याचा इतिहास उकरला आणि सापडलं एक भांडण.

पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो नावाचा संशोधक होता. विजेनं नसा चेतवायच्या, तेही त्वचेतून तार बाहेर न काढता, म्हणून तो शरीरात बसणारी कॉइल बनवायचा. शार्ल एरिएस हा कानाचा सर्जन. त्याच्याकडे एक पेशंट आला. हाड कुरतडणाऱ्या कोलेस्टिएटोमानं त्याचे दोन्ही कान गेलेले, चेहरा लुळा पडलेला. चेहऱ्याच्या नसेसाठी ऑपरेशन करायचंच होतं. त्याच वेळी, २५ फेब्रुवारी १९५७ ला, जुर्नोची कॉइलही आत बसवली.

पेशंटला ऐकू आलं! रातकिडे किरकिरावेत तसं, पण आलं. मग कित्येक महिने सराव. ‘पापा’, ‘ममाँ’, ‘आलो’ असे मोजके शब्द तो ओळखायला लागला. सलग बोलणं मात्र समजत नव्हतं. एकच चॅनल, त्यातून लय कळते, अक्षरं नाहीत.

आणि मग यंत्र बंद पडलं.

एरिएसनं दुसरं बसवलं. तेही बिघडलं. ‘तुझंच यंत्र खराब’ म्हणून त्यानं जुर्नोला दोष दिला आणि तिसऱ्यांदा ऑपरेशन करायला साफ नकार दिला. जोडी फुटली. (आमच्याकडे सर्व्हर झोपला की हेच होतं, फक्त कुणाच्या कवटीत तार नसते.) जुर्नोचाही हट्ट होताच. शोध एका कंपनीच्या खिशात जाऊ द्यायचा नाही, ज्ञान सगळ्यांचं. मला हे पटतं. पण दुसऱ्या सर्जनबरोबर आणखी एक पेशंट झाला आणि काम थांबलं. पहिला पेशंट पुन्हा शांततेत गेला. दोघांपैकी कोण बरोबर होतं, याचा त्याला काय उपयोग?

या कामाची बातमी लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस या सर्जनकडे पोचवली, तीही एका पेशंटनं. १९६१ मध्ये हाउसनं न्यूरोसर्जन जॉन डॉयलबरोबर प्रयत्न केला. तीही टीम फुटली! पुढे जॅक अर्बन हा इंजिनिअर भेटला आणि ही जोडी टिकली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हाउसच्या इम्प्लांटला मान्यता दिली. तेही एकाच चॅनलचं, पण ओठ वाचणाऱ्याला मोठाच आधार. आज बावीसपर्यंत इलेक्ट्रोड असतात, म्हणून तर मॅडमना तास लागला.

काल वहिनीचा फोन आला. स्पीच थेरपिस्टनं वहीत लिहून दिलंय की पोरीला ‘स’ नीट ऐकू येत नाही. ती वही घेऊन गुरुवारी पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे जायचंय. लॅपटॉपच्या बाजूची खुर्ची मी आधीच मागून ठेवलीये.