अमोनियाची कुळकथा

अमोनिया हे नाव आमोन या प्राचीन इजिप्शियन देवावरून आले आहे. इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात सीवा येथे त्याचे मंदिर होते. तिथला कौल इतका प्रसिद्ध होता, की इ.स.पू. 331 मध्ये खुद्द सिकंदर तो लावायला गेला. त्या मुलखातून येणाऱ्या मिठाला रोमन लोक आमोनचे मीठ म्हणत. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीने मात्र या नावाचा संबंध ‘वाळू’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला. गंमत अशी, की ते मीठ बहुधा साधे सैंधवच होते. त्यात अमोनियाचा अंशही नव्हता.

पुढे हे नाव नवसागराला, म्हणजे अमोनियम क्लोराइडला, चिकटले. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते बिघडून ‘आर्मोनियाक’ झाले आणि विनाकारण आर्मेनियाशीही जोडले गेले. माल मात्र खरोखरच इजिप्तमधून येई. तिथे सरपणाच्या टंचाईमुळे उंटाच्या शेणाच्या गोवऱ्या जाळत. त्यांची काजळी काचेच्या भांड्यात तापवली, की नवसागराची वाफ होऊन ती भांड्याच्या वरच्या भागात गोठे. अठराव्या शतकातही युरोपला त्याचा पुरवठा होत होता.

नवसागर चुन्याबरोबर तापवला, की नाकाला झोंबणारा वायू सुटतो. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून जोसेफ प्रीस्टलीने तो पाण्याऐवजी पाऱ्यावर गोळा केला आणि 1774 मध्ये ‘अल्कधर्मी हवा’ या नावाने त्याचे वर्णन केले. स्वीडिश रसायनज्ञ टोर्बर्न बर्गमनने 1782 मध्ये त्या जुन्या मिठाच्या नावावरून ‘अमोनिया’ हा सुटसुटीत शब्द घडवला. या वायूत नायट्रोजन व हायड्रोजन असल्याचे 1785 मध्ये क्लोद बर्तोलेने दाखवले. आमोनच्या डोक्यावर मेंढ्याची शिंगे दाखवीत. तशाच वळणाच्या शंखांच्या जीवाश्मांना अमोनाइट म्हणतात, तेही या कुळातलेच.

मराठीतल्या ‘नवसागर’चे कूळ मात्र वेगळे. त्याचा सागराशी काही संबंध नाही; संस्कृतातील नवसार आणि फारसीतील नौशादर ही त्याची भावंडे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो, तेव्हा तिचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड सुटतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरची ऑक्साइडची पुटे काढतो, म्हणून कथील नीट बसते.