तिळाचा काढा

बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. घरातल्या सगळ्या बायामाणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही.

त्याच हिवाळ्यात माझी पाळी थांबली. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. आई काही बोलली नाही, पण कंदिलाच्या उजेडात माझ्या पोटाकडं बघत राहायची. लग्न न झालेल्या पोरीची पाळी चुकली की गावात एकच अर्थ निघायचा. शेजारच्या काकूनं विचारलंच, "पोरगी बाहेर बसत न्हाई का आता?"

आजीनं बियाण्याला राखलेल्या तिळातले मूठभर काढले, कुटून पाण्यात उकळले, वर जुन्या गुळाचा खडा टाकला. आयुर्वेदातही अनार्तवावर तीळगुळाचा काढा सांगितलाय, हे मला फार पुढं कळलं. आठ दिवस प्याले. काही झालं नाही.

मग आजी स्वतः कामावर आली आणि आमच्या टोळीतल्या बायांना हळूच विचारत फिरली. रात्री आईला म्हणाली, "टोळीतल्या चौघींची थांबलीय. चौघीबी पोटुशा हायेत व्हय?" माझा हात धरून तिनं बांगडी वर सरकवली, ती थेट कोपरापर्यंत गेली. "अंगातच रगत न्हाई, तर भाईर कुठनं यील?"

आई त्या रात्री माझ्याजवळ झोपली.

कामावर सुकडी मिळायची, ती आई स्वतःची अर्धी मला द्यायची. त्र्याहत्तरला पाऊस झाला, घरात बाजरी आली, आणि दिवाळीच्या आसपास पाळीही आली. वजन फार उतरलं की मेंदू बीजकोशाला निरोप धाडणं थांबवतो, असं पुढं एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आजीनं ते बांगडीवरून ओळखलं होतं.

परवा पुण्याहून नात आली. तिचीही पाळी दोन-दोन महिने चुकते, पण तिचं वजन वाढतंय. तपासण्यांत पीसीओडी निघालं. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी फरक पडू शकतो, असं डॉक्टर म्हणालेत. ती मला म्हणाली, "आज्जी, तुझा तो काढा दे ना."

काढा दिला, गूळ कमी घालून. थंडीत तो गोडच लागतो. पण आधी दोघी मळ्यापर्यंत चालून आलो, आणि वाटेत तिला बांगडीची गोष्ट सांगितली.