इंग्रजी व्याकरणाचें ऋण

हायस्कुलांतील वरच्या इयत्तांचा इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें फळ्यावरील एक लांबलचक वाक्य आणि त्याचे तुकडे पाडतां पाडतां दमलेला विद्यार्थी उभा राहतो. या विषयाचें प्रयोजन परीक्षेपुरतेंच, असा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही रूढ आहे. परंतु मराठीच्या आजच्या घडणीचा बराचसा इतिहास याच तासाशीं निगडित आहे, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्या इतिहासाचा एक धागा सोलापुरापासून निघतो. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

१८१८ सालीं सोलापूर कंपनी सरकारच्या हातीं आलें. पुढें तेथील लष्करांत जेम्स मोल्सवर्थ नांवाचा एक तरुण अधिकारी होता. मराठी शब्द टिपून ठेवण्याचा उद्योग त्यानें सोलापुरास असतांनाच आरंभिला. कँडी बंधु आणि एतद्देशीय शास्त्री यांच्या साह्यानें १८३१ सालीं जो मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, त्याचें बीज हेंच होय. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्याची शब्दसंख्या साठ हजारांच्या घरांत गेली. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश त्यापूर्वीं, १८४७ सालीं निघाला होता. म्हणजे आपण इंग्रजी शिकूं लागलों तीं साधनें, इंग्रजानें मराठी शिकण्यासाठीं केलेल्या खटपटींतून निर्माण झालीं.

शब्दांमागून व्याकरण आलें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढें लिंडले मरे याच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. आणि मरेच्या परंपरेनें तरी काय केलें होतें? लॅटिन व्याकरणाच्या सांच्यांत इंग्रजी भाषा बसविली होती. लॅटिनसाठीं बेतलेला अंगरखा इंग्रजीनें वापरला आणि तोच पुढें मराठीच्या अंगावर आला. तो कांहीं ठिकाणीं तंग होणें साहजिक होतें. ‘रामानें आंबा खाल्ला’ हें आपलें नित्याचें वाक्य घ्या. यांत क्रियापद आंब्याच्या तंत्रानें चालतें, म्हणून हा कर्मणि प्रयोग. परंतु बोलणाऱ्याच्या मनांत प्राधान्य रामाचेंच असतें. ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ या इंग्रजी धाटणीच्या वाक्याशीं त्याची गल्लत केली कीं, विद्यार्थ्याचें भाषांतर बिघडतें आणि मराठीही बिघडते. तरीही दादोबांच्या धैर्यामुळेंच आपली भाषा नियमांच्या प्रकाशांत पाहतां येते, ही जाणीव सामान्य वाचकास झाली.

पुढील लाभ याहून सूक्ष्म होता. मराठी गद्यांत विरामचिन्हें रुळविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी याचें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांतील वामन शिवराम आपटे यांनीं १८८१ सालीं संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजींत मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यांत इंग्रजी पद्धतीचें वाक्यपृथक्करण त्यांनीं संस्कृतास लावून दाखविलें. त्यांचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा’ लिहून तेंच काम मराठीसाठीं केलें. समाजाच्या प्रत्येक रूढीस ‘कां?’ असें विचारणाऱ्या या पुरुषास वाक्याचे अवयव सोडविण्यांत गोडी वाटावी, हा योगायोग नव्हे. जें विधान करावयाचें त्याचें उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें आणि अट कोणती, हें ज्यास कळतें त्यास भुलविणें कठीण असतें. अखेर १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ बाहेर पडलें आणि मराठीचे प्रश्न मराठीच्याच स्वभावावरून सोडविण्याचा प्रौढ प्रयत्न आपल्यापुढें आला.

शाळांतून मात्र ही दृष्टि फारशी उतरली नाहीं. तेथें तर्खडकरांची भाषांतरपाठमाला, नेस्फील्डचें व्याकरण आणि नंतर रेन व मार्टिन यांचें पुस्तक यांचें राज्य चाललें. या पुस्तकांनीं अनेक पिढ्यांस शुद्ध इंग्रजी लिहावयास शिकविलें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु नियम पाठ आणि कारण अज्ञात, अशी स्थिति पुष्कळदां राहिली.

सोलापूरच्या वर्गांत तें कारण हाताशींच सांपडण्याजोगें आहे. या शहरांत मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू घराघरांतून बोलल्या जातात. दुसऱ्याचें बोलणें सांगतांना इंग्रजी ‘मी’चा ‘तो’ करते आणि काळही मागें नेते. विद्यार्थी नेमका येथें अडखळतो. आपण ‘येतों म्हणून त्यानें सांगितलें’ असें म्हणतों. कानडी बोलणारा मुलगा ‘अंत’ आणि तेलुगू बोलणारा ‘अनि’ हा शब्द याच जागीं योजितो. आणि या तिन्ही शब्दांचें मूळ ‘म्हणणें’ या अर्थाच्या धातूंतच आहे. ‘तो म्हणाला कीं’ ही दुसरी रचनाही आपल्यापाशीं आहे. तिच्यांतील ‘कीं’ फारशीच्या संगतीनें आला आणि उर्दू बोलणाऱ्या मुलास तो घरचाच वाटतो. एकाच बांकावरील चार मुलांनीं आपापलें वाक्य फळ्यावर लिहिलें, तर इंग्रजी वाक्याचें वेगळेपण निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

२००० सालापासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊं लागली. लहानपणीं भाषा कानानें व सहवासानें यावी, हें योग्यच आहे. पण वरच्या इयत्तांतून व्याकरण जुनाट म्हणून हद्दपार झालें, तर मुलांस इंग्रजी बोलतां येईल. आपली भाषा कशी चालते, हें मात्र उमगणार नाहीं. दादोबांपासून दामल्यांपर्यंतच्या पाऊणशें वर्षांत आपल्या विद्वानांनीं परक्या व्याकरणाच्या आरशांत स्वतःचें रूप पाहिलें. प्रथम तें वांकडें दिसलें, मागाहून सरळ दिसूं लागलें. हें ऋण फेडावयाचें तर तो आरसा आपल्या मुलांच्याही हातीं दिला पाहिजे.